विश्लेषण : वऱ्हाडातल्या काळ्या दगडाचे वय समुद्रातले सूक्ष्मजीव कसे सांगतात?

अमरावती-अकोल्याची काळी कपाशीची जमीन ज्या बेसाल्ट दगडापासून बनली, त्याचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोर नाहीसे झाले. ते या लाव्हामुळे संपले की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीमुळे? या वादातला एक महत्त्वाचा साक्षीदार मोहरीच्या दाण्याहूनही लहान आहे.

वाद नेमका कशाचा?

२०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दोन गटांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एका गटानुसार लाव्हाचा एक मोठा उद्रेक अशनी आदळण्याच्या काही दशसहस्र वर्षे आधी झाला. दुसऱ्या गटानुसार सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा अशनीनंतर बाहेर पडला. दोघांनीही खडकातील किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढले होते. म्हणूनच पडताळणीसाठी वेगळे घड्याळ लागते.

हे घड्याळ कोणते?

फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव. त्यांतील काही समुद्रात तरंगत जगतात. त्यांना प्लवक म्हणतात. मेल्यावर त्यांची चुनखडीची कवचे तळाच्या गाळात साठतात. डायनासोरांबरोबर या प्लवकांच्याही बहुतेक जाती संपल्या आणि लगेच नव्या, फारच लहान जाती आल्या. त्यामुळे थरात कोणती जात आहे, यावरून तो विनाशाआधीचा की नंतरचा हे कळते.

वऱ्हाडात ती सापडतात का?

सालबर्डी परिसरात लाव्हाखालच्या थरांत डायनासोरचे अवशेष मिळाले आहेत. पण तो गाळ मुख्यतः नदी-तळ्यांचा. समुद्री प्लवकांसाठी लाव्हा समुद्राला भिडला तिथे जावे लागते. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीच्या दगडखाणींत दोन लाव्हांमधल्या गाळात विनाशानंतर लगेचच्या जाती सापडल्याचे गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडले. म्हणजे खालचा लाव्हा त्याआधीच वाहून गेला होता. २००९ मध्ये तशाच जाती सातपुड्यातल्या छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथून नोंदवल्या गेल्या. समुद्राचा एक फाटा इतका आत आला होता, असा त्याचा अर्थ लावला गेला.

ओळख कशी पटवतात?

गाळाचा दगड फोडून भिजवतात, बारीक चाळणीवर धुतात आणि वाळवतात. उरलेली भुकटी काळ्या तबकात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या, बारीक कुंचल्याने एकेक कवच उचलतात. मग कप्पे किती, गुंडाळी कशी, तोंड कुठे, भिंतीवर छिद्रे कशी, हे पाहतात. विनाशाआधीच्या ग्लोबोट्रंकाना गटाची कवचे मोठी, काठाला धार असलेली. नंतरची पार्वुलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना इवलीशी.

चूक कुठे होते?

पहिली चूक चाळणीची. नेहमीच्या ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून या इवल्या जाती निसटतात आणि ‘नव्या जाती नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुसरी चूक सरमिसळीची. जुन्या थरातील कवचे पाण्याबरोबर वाहून नव्या गाळात मिसळतात. त्यामुळे एखादे जुने कवच दिसले म्हणून थर जुना ठरत नाही. नवी जात पहिल्यांदा कुठे दिसते, हे निर्णायक असते.

हे काम यंत्र करील का?

काही प्रमाणात. ‘एंडलेस फोराम्स’ या २०१९ मध्ये मांडलेल्या प्रकल्पात तज्ज्ञांनी ओळखलेल्या ३४,००० हून अधिक छायाचित्रांवर संगणकाला शिकवण्यात आले. त्याची अचूकता सुमारे ८७ टक्के होती. पण ती कवचे आजच्या जातींची होती. कोट्यवधी वर्षे दगडात दबलेली कवचे फुटलेली, झिजलेली असतात. शिवाय यंत्राला शिकवणारी छायाचित्रेही आधी कुणीतरी डोळ्यांनी ओळखावी लागतात.

म्हणूनच खडकाचे वय मोजणाऱ्या महागड्या यंत्रांबरोबरच कवच ओळखणारी माणसे तयार होत राहणे गरजेचे आहे. ती कमी झाली, तर वऱ्हाडाच्या दगडाने डायनासोर मारले की नाही, या प्रश्नाचा एक स्वतंत्र पुरावा वाचणारेच उरणार नाहीत.