फिट एक, बिघाड अनेक

बऱ्हाणपुरातल्या सिंधीपुऱ्याला हे नाव मिळाले ते सोळाव्या शतकात सिंधमधून येऊन इथे स्थिरावलेल्या सूफींमुळे. फारुकी सुलतानांच्या काळापासून या शहराने दर्गे पाहिले, हकीम पाहिले, वैद्य पाहिले. फिट येणारे मूल कडेवर घेऊन आईबाप या सगळ्या दारांशी गेले, आजही जातात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहे, इब्न सीनाने या आजाराचे मूळ मेंदूशी जोडले होते. ग्रंथांत तो आजारच होता. समाजात मात्र तो बाधा, पूर्वकर्म आणि आईच्या घराण्याचा दोष होऊन राहिला. मिरगी म्हटले की पोरीचे लग्न अडते, हे बऱ्हाणपूरपासून भुसावळपर्यंत कोणत्याही मोहल्ल्यात, आळीत ठाऊक आहे.

कायद्यानेही तेच केले. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे वेड आणि अपस्मार एका ओळीत आले. असे झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र ठरली. याच १९७६ साली जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी बेडकाच्या स्नायूवर पेशीच्या पडद्यातल्या एका चॅनलमधून जाणारा विद्युतप्रवाह मोजून दाखवला. पेशीतली वीज रेणूपर्यंत मोजता येऊ लागली, त्याच वर्षी आपल्या संसदेने अपस्माराला वेडाच्या रांगेत बसवले. तो शब्द कायद्यातून निघायला १९९९ उजाडले. मुंबईत १९७०मध्ये डॉ. एडी भरुचा यांनी सुरू केलेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने त्यासाठी पाठपुरावा केला. मधल्या तेवीस वर्षांत किती संसार या एका शब्दावर मोडले असतील, याचा विचारही सोसवत नाही.

फिट हा मेंदूतल्या विजेचा बिघाड, आणि त्या विजेचा हिशेब तसा सोपा आहे. शांत असलेल्या चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास विद्युतदाब असतो. पेशीच्या पडद्यातले सोडियम चॅनल उघडले की सोडियम आत घुसतो, दाब उलटतो, आणि सुमारे एका मिलिसेकंदात चॅनल आपोआप मिटते. हा संदेश. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२मध्ये स्क्विडच्या जाड चेतातंतूवर त्याचे गणित मांडले. गंमत अशी की फेनिटॉइन हे औषध त्याच्या चौदा वर्षे आधी, १९३८मध्येच, फिटवर वापरात आले होते. ते सोडियम चॅनल दाबते, हे फार पुढे कळले.

माणसात अशा चॅनलची नऊ जनुके आहेत. त्यांतली चार मेंदूत महत्त्वाची. २००१मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी ड्रॅव्हे सिंड्रोम या अपस्माराच्या प्रकाराची सात मुले तपासली. सातही जणांत एससीएन१ए या जनुकात बदल होता, आणि तो आईबापांत नव्हता. बहुतेक मुलांत हा बदल नव्याने घडतो. सुनेच्या माहेरावर बोट ठेवणाऱ्यांनी एवढे वाक्य तरी ऐकून घ्यावे.

या जनुकाचे चॅनल मुख्यतः इतर पेशींना आवरणाऱ्या चेतापेशींत काम करते. ते निम्मे झाले की मेंदूचा ब्रेकच सैल पडतो. अशा मुलाला फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन दिले, तर उरलेसुरले चॅनलही दाबले जाते आणि फिट वाढू शकते. उलट एससीएन२ए किंवा एससीएन८ए या जनुकांच्या काही बदलांत चॅनल गरजेपेक्षा जास्त उघडे राहते; तिथे हीच औषधे मुलाला सावरतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मुले सारखीच: डोळे वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. (वाचून कुणीही चालू गोळी स्वतःहून बंद करू नये, अचानक सोडलेली गोळीही जीवघेणी फिट आणते.)

ड्रॅव्हेची पहिली फिट बहुधा पहिल्या वर्षात, तापात येते आणि लांबते. कधी लस टोचल्यावरच्या तापात. मग लसीवर खापर फुटते. ऑस्ट्रेलियात २००६मध्ये लसीमुळे मेंदू बिघडला असे मानलेल्या १४ रुग्णांची तपासणी झाली. ११ जणांत एससीएन१एचा बदल सापडला. लसीचा ताप हे निमित्त होते. ही गोष्ट अंगणवाडीताईपर्यंत पोहोचली, तर पुढच्या भावंडाची लस चुकणार नाही.

जगात अपस्माराचे सुमारे पाच कोटी रुग्ण आहेत आणि योग्य उपचाराने सत्तर टक्क्यांपर्यंत लोक फिटमुक्त जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण योग्य उपचार म्हणजे आधी योग्य निदान. बऱ्हाणपूर २००३मध्ये वेगळा जिल्हा झाला. जिल्हा झाला की बालमेंदूविकारतज्ज्ञही येतो, असे होत नाही. इंदूर, नाहीतर रात्रीची गाडी धरून मुंबई. जनुकतपासणीसाठी मात्र मुलाला प्रवास करावा लागत नाही, रक्ताचा नमुना प्रवास करू शकतो. तो पाठवायची सोय आणि खर्च सरकारने उचलावा. नाकात फवारायचे मिडाझोलाम घरी द्यावे, पाच मिनिटांवर गेलेली फिट थांबवण्यासाठी. कांदा नि चप्पल हुंगवण्यात ती मिनिटे जाऊ नयेत. आणि खर्चाची फाईल फिरत असेल तोवर, पहिल्या वर्षात तापात लांब फिट येऊन गेलेल्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर ‘ड्रॅव्हे?’ एवढे लिहावे, म्हणजे पुढचा डॉक्टर कार्बामाझेपिन लिहिण्याआधी ते वाचेल.