राजवाड्यातील प्रेम आणि रस्त्यावरील माणसे

ऐतिहासिक मालिकांतील शृंगार, अभिनय आणि वेशभूषा हा समाजवादी साप्ताहिकातील लेखाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही साथींच्या मनात येईल. महागाई, बेकारी, कापसाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक हे प्रश्न दारात उभे असताना राण्यांच्या नथींची चर्चा कशासाठी? शंका रास्त आहे. पण वस्तीतील स्त्रिया आपल्या सायंकाळच्या बैठकीला का येत नाहीत, याचा ज्याने मनापासून शोध घेतला असेल, त्याला हा विषय परका वाटणार नाही. दिवसभर राबलेली बाई रात्रीचा जो तास-दीड तास केवळ स्वतःचा म्हणून राखते, त्या वेळात प्रेम म्हणजे काय, पराक्रम म्हणजे काय, आपला कोण आणि परका कोण, याचे शिक्षण तिला मिळत असते. आपला अभ्यासवर्ग महिन्यातून एकदा भरतो. हा वर्ग रोज भरतो.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नव्हे. आपल्या घरातील मुलेमुली हल्ली मोबाइलवर चिनी ऐतिहासिक मालिका पाहतात. २०१८ साली गाजलेल्या ‘यान्शी राजवाड्याची कथा’ या मालिकेत छ्यानलुंग सम्राटाच्या अंतःपुरात दासी म्हणून आलेली मुलगी बुद्धीच्या आणि डावपेचांच्या बळावर राजपत्नीच्या पदापर्यंत चढते. हा सम्राट १७३५ ते १७९६ या काळात गादीवर होता. म्हणजे आपल्या नानासाहेब-माधवराव पेशव्यांचा समकालीन. त्या मालिकेतील वेशभूषा अभ्यासून केलेली होती. नानजिंगच्या कारागिरांची रेशमी फुले करण्याची जुनी कला तिच्यामुळे पुन्हा लोकांच्या नजरेत आली. परंतु कथेचा गाभा एवढाच की, राजाची मर्जी हेच स्त्रीचे सर्वस्व आणि दुसरी स्त्री हीच तिची वैरीण. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगच्या पक्षीय वृत्तपत्रसमूहातून या राजवाडी मालिकांवर उधळपट्टी, कारस्थाने आणि सम्राटांचे उदात्तीकरण यांसाठी कडक टीका झाली आणि पाठोपाठ त्या वाहिन्यांवरून उतरल्या. त्या टीकेतील काही वाक्ये आपणही लिहिली असती. पण टीका आणि हुकूम यांत लोकशाही समाजवाद्याने अंतर राखलेच पाहिजे. बंदीने आवड बदलत नाही. ती फक्त लपते.

आता आपल्या घरातील पडदा पाहू. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. १९८०च्या दशकात दूरदर्शनने तिची मालिका दाखविली आणि रवींद्र मंकणी व मृणाल देव यांच्या रूपाने माधवराव-रमाबाई घराघरांत पोहोचले. त्या अभिनयात संयम होता, हे कबूल केले पाहिजे. २०१९ साली ‘स्वामिनी’ या मालिकेत हीच जोडी पुन्हा आली, तेव्हा आरंभी लहानगी रमा शनिवारवाड्यात वावरताना दिसली. बालविवाह येथे कौतुकाचा विषय झाला आणि गोपिकाबाईंशी होणारा संघर्ष सासू-सुनेच्या ओळखीच्या साच्यात बसविला गेला.

पण या प्रेमकथेचा इतिहासातील शेवट काय? नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे माधवराव क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेल्या. प्रेमाची परिसीमा म्हणून मराठी वाचकाने या प्रसंगावर किती अश्रू ढाळले असतील! त्या अश्रूंच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. तथापि सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानात देवराला येथे रूपकंवर चितेवर गेली, तेव्हा हजारोंच्या जमावाने जयजयकार केला आणि सतीप्रथेच्या गौरवाविरुद्ध देशाला नवा कायदा करावा लागला, ही गोष्टही याच काळातील आहे. कादंबरीने किंवा मालिकेने देवराला घडविले, असा आरोप कोणी करणार नाही. म्हणणे एवढेच की, स्त्रीचे जळणे हा प्रेमाचा पुरावा मानणारे मन एका रात्रीत तयार होत नाही. ते हळुवार संगीताच्या साथीने, वर्षानुवर्षे घडत असते.

राजवाडी प्रेमकथेचे सूत्र असे आहे. राजा राज्याचा विचार करतो आणि राणी राजाचा. तो मोहिमेवर जातो, ती ओवाळते. तो परततो, ती डोळे पुसते. याला प्रेम म्हणतात, पण वस्तुतः ही निष्ठा आहे आणि तीही एकतर्फी. ती एकदा अंगवळणी पडली की पत्नीने पतीशी, रयतेने राजाशी आणि मतदाराने नेत्याशी कसे वागावे, हे निराळे शिकवावे लागत नाही. अमोल कोल्हे यांनी ‘राजा शिवछत्रपती’मध्ये शिवराय आणि २०१७ पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये संभाजीराजे साकारले, ती मालिका चालू असतानाच, २०१९ साली, ते शिरूरमधून लोकसभेवर निवडून आले. हा त्यांच्यावरील आक्षेप नव्हे. कलावंताला राजकारणाचा पूर्ण अधिकार आहे. प्रश्न आपला आहे: मत देताना आपण माणसाच्या भूमिकेला मत देतो की त्याने केलेल्या भूमिकेला?

अभिनय आणि वेशभूषा याच सूत्राच्या सेवेत राबतात. नायक साधे पाणी मागतो तेही सिंहगर्जनेच्या थाटात; पाठीमागे नगारा, चेहऱ्याचे तीन कोनांतून दर्शन, मग विराम. हात जोडून उभ्या असलेल्या हुजऱ्याला आणि दासीला संवाद नसतो. शत्रूच्या डोळ्यांत सुरमा, अंगावर काळा पोशाख आणि तोंडात मांसाचा तुकडा असला म्हणजे त्याच्या दुष्टपणाचे कारण सांगण्याची गरज उरत नाही. राणी झोपेतून उठते तरी नथ जागच्या जागी आणि भरजरी साडीला चुणी नाही. श्रेयनामावलीत वेशभूषाकाराचे नाव येते. ज्या हातांनी ते वस्त्र विणले, त्यांचे येत नाही.

नागपूरकराला तरी हे खटकले पाहिजे. भोसल्यांच्या आश्रयाने येथे कोष्टी विणकरांची वस्ती वाढली आणि नागपूर, उमरेड, पवनी येथील रेशीमकाठी वस्त्रांनी दूरवर नाव मिळविले. १८७७ साली येथे एम्प्रेस मिल उभी राहिली. आज त्या गिरणीच्या जागेवर मॉल आहे आणि पाचपावली-तांडापेठेत हातमागाचा खटका क्वचितच ऐकू येतो. राण्यांच्या दागिन्यांचे म्हणाल, तर तोही इतिहास आपल्याच शहरात आहे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलावात काढले. वृद्ध बांकाबाईने या अन्यायाविरुद्ध अर्ज केले, वकील धाडले. साम्राज्यशाही म्हणजे काय, हे एका प्रसंगात समजावे असे नाट्य यात आहे. पण वयोवृद्ध विधवा प्रेमकथेच्या साच्यात बसत नाही.

या साच्याबाहेरचे प्रेम समोर आले की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून गदारोळ झाला. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’च्या झलकेत संभाजीराजे आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले, विरोध झाला आणि ते दृश्य वगळावे लागले. राजा-राणी घटकाभर माणसासारखी आनंदाने नाचली तर आमच्या भावना दुखावतात! उलट, ज्याने खरोखर दुखावे ते आम्हाला दुखवीत नाही. मस्तानीला पेशव्यांच्या घराने स्वीकारले नाही, कैदेत ठेवले. १७४० साली रावेरखेडीला बाजीराव वारले तेव्हा ती त्यांच्याजवळ नव्हती. त्या दोघांचा पुत्र समशेर बहाद्दर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमांनी मेला. जे घर त्याच्या आईला माणूस मानीत नव्हते, त्याच घरासाठी! या शोकांतिकेला आपण ‘मस्तानीचे सौंदर्य’ एवढ्या दोन शब्दांत गुंडाळले आहे.

हा केवळ जुन्या काळचा हिशेब नव्हे. ‘छावा’ प्रदर्शित झाला १४ फेब्रुवारी २०२५ रोजी. नेमक्या त्याच दिवशी महाराष्ट्र शासनाने तथाकथित ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यापूर्वी, डिसेंबर २०२२ मध्ये, आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवण्यासाठी आणखी एक समिती झाली होतीच. आणि १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीवरून आमच्या नागपुरात, महाल परिसरात, दंगल उसळली. संचारबंदी लागली, एका माणसाचा जीव गेला. दंगल पूर्वनियोजित दिसते असे सांगतानाच, ‘छावा’मुळे लोकांच्या भावना पुन्हा प्रज्वलित झाल्याचे मुख्यमंत्र्यांनी स्वतः विधानसभेत म्हटले. चित्रपटाने दगड मारला नाही, हे खरे. दगड मारणारी आणि मारविणारी माणसे असतात. पण निष्ठेचे प्रेमात आणि प्रेमाचे द्वेषात रूपांतर करणारी ही शाळा किती प्रभावी आहे, याची कबुली यापेक्षा वरच्या जागेवरून कोणती हवी?

मग इतिहासात खरे प्रेम नव्हते काय? होते, आणि महाराष्ट्राइतके उजळ क्वचितच कोठे असेल. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव-सावित्रीबाई हे आपल्या इतिहासातील श्रेष्ठ प्रेमी युगुल आहे. तेथे एक शिकवितो, दुसरी शिकते आणि मग दोघे मिळून समाजाला शिकवितात. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा सावित्रीबाई सती गेल्या नाहीत. अंत्ययात्रेत टिटवे हाती धरून त्या पुढे चालल्या आणि पुढे सहा वर्षांहून अधिक काळ चळवळ चालवून १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांनी देह ठेवला. डॉ. लोहिया भारतीय स्त्रीपुढे पुराणातील सावित्रीऐवजी द्रौपदीचा आदर्श ठेवा म्हणत. पुण्याची ही सावित्री त्या दोघींच्याही पुढे गेली.

१८६८ साली सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले. ती गरोदर राहिली. गावकऱ्यांनी दोघांना मारीत-मिरवीत नेऊन ठार करण्याचा घाट घातला. सावित्रीबाई धावल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोन्ही जीव वाचविले. या प्रसंगात प्रेम आहे, संकट आहे, धाडसी नायिका आहे. नाटककाराला आणखी काय पाहिजे? आणि तरीही ‘सावित्रीजोती’ ही मालिका जानेवारी २०२० मध्ये सुरू होऊन पुरेशा प्रेक्षकांअभावी त्याच वर्षाच्या अखेरीस बंद पडली. दोष एकट्या वाहिनीचा नाही. जयंती-पुण्यतिथीला फुले-आंबेडकरांचा जयघोष करणारे आपण सारे त्या वेळी कोणती मालिका पाहत होतो?

साथींनो, बंदीची मागणी आपली नव्हे आणि नाक मुरडून बाजूला होणे हेही आपले काम नव्हे. वस्तीतील स्त्रियांबरोबर बसून या मालिका पाहाव्यात आणि प्रश्न विचारावेत: या दृश्यात कोण बोलत नाही? ही साडी कोणी विणली? या बाईला नाही म्हणता आले असते काय? पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटके आजही रात्रभर चालतात, दंडार आणि खडीगंमत अजून जिवंत आहेत. सारजा-गणेशाची आणि बांकाबाईची कथा तेथे उभी राहू शकते. १९८८ साली ‘भारत एक खोज’ दाखविणारे दूरदर्शन लोकांच्या पैशावर चालते. त्याच्याकडून लोकांचा इतिहास मागण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जात-धर्म ओलांडून लग्न करू पाहणारे एखादे जोडपे भेदरून आपल्या कार्यालयाच्या दारात येईल, त्या दिवशी ते दार उघडे असले पाहिजे. नायगावात सावित्रीबाई धावल्या, तेव्हा मागे नगारा वाजत नव्हता.