विश्लेषण : चाकांवरच्या घरात उणे २० अंशांचा हिवाळा कसा काढतात? ‘आरव्ही’ गरम ठेवणे इतके अवघड का?

अमेरिका आणि कॅनडात ऑक्टोबर उजाडला, की ‘आरव्ही’ म्हणजेच रिक्रिएशनल व्हेइकल बाळगणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द येऊ लागतो – विंटरायझिंग. गाडी हिवाळ्यात राहण्याजोगी करणे, असा त्याचा अर्थ वाटेल. प्रत्यक्षात तो नेमका उलट आहे. टाक्यांतले पाणी काढून टाकायचे, नळांत न गोठणारा गुलाबी द्रव भरायचा, कुलूप लावायचे आणि वसंत ऋतूपर्यंत गाडीकडे फिरकायचे नाही, याला विंटरायझिंग म्हणतात. म्हणजे हिवाळ्यात या गाडीत कोणी राहणारच नाही, हे गृहीतच धरलेले आहे. पण घरभाडे परवडत नाही किंवा काम आहे तिथे घरच मिळत नाही, म्हणून हजारो लोक याच गाड्यांत थंडी काढतात. ते हे कसे करतात आणि त्यात धोके कोणते?

आरव्हीत कोण राहते?

आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटले की सहल डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आणलेले कॅराव्हॅन धोरणही पर्यटनासाठीच होते. अमेरिकेत मात्र स्वतःच्या इंजिनावर चालणारे मोटरहोम असो वा पिकअप ट्रकमागे ओढायचा ट्रेलर, त्यात बारमाही राहणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. क्लोई झाओ यांच्या ‘नोमॅडलँड’ या ऑस्करविजेत्या चित्रपटामुळे तो जगापुढे आला. ज्यांना शक्य असते ते हिवाळ्यात सरळ दक्षिणेकडे निघतात. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा दीर्घ मुक्कामाचा परवाना मिळतो आणि तिथे गाड्यांची जत्राच भरते.

पण ज्यांची नोकरी, मुलांची शाळा किंवा औषधोपचार उत्तरेत आहेत, त्यांना दक्षिणेत जाता येत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे नॉर्थ डकोटातील विलिस्टन. बाकेन तेलक्षेत्रात २००८ नंतर तेजी आली आणि देशभरातून कामगार लोटले. २०१० च्या जनगणनेत १४,७१६ असलेली या शहराची लोकसंख्या २०२० मध्ये २९,१६० झाली. एवढ्या लोकांसाठी घरे नव्हतीच. हातात चांगला पगार असूनही अनेकांनी तिथले हिवाळे कॅम्परमध्ये काढले. जानेवारीच्या रात्री उणे २० अंश ही तिथे बातमी होत नाही.

कायद्याच्या लेखी हे घर आहे का?

नाही. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने २०१८ च्या नियमात आरव्हीची व्याख्या स्पष्ट केली : केवळ मनोरंजनासाठी बनवलेले, मुख्य निवास किंवा कायमच्या वास्तव्यासाठी नसलेले वाहन. कारखान्यात बनणाऱ्या घरांना १९७६ पासून जी संहिता लागू आहे, त्यातून आरव्ही वगळली जाते. आरव्हीचे मानक वेगळे आहे. त्यात आग, गॅस, नळजोडणी यांच्या सुरक्षेवर भर आहे, उणे २० अंशांत महिनोन्महिने राहण्यावर नाही. गाडीवर ‘फोर सीझन’ असे लिहिलेले असले, तरी ते किती अंशांपर्यंत खरे, हे सांगणारे एकच सर्वमान्य मानक नाही. जाहिरातीतला शब्द आणि तापमापक यांची गाठ थेट जानेवारीतच पडते.

उष्णता जाते कुठे?

भिंती जेमतेम चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या. वजन वाढले की इंधन जास्त लागते, म्हणून त्या जाड करता येत नाहीत. बहुतेक गाड्यांत खिडक्यांना एकेरी काच, छतात हवेचे झरोके आणि बटण दाबल्यावर खोली रुंद करणारे सरकते भाग असतात. या सरकत्या भागांभोवती उष्णता अडवायला फक्त रबरी पट्टी असते. शिवाय जागेच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग मोठा, आणि घराखाली जमीन असते तशी इथे नसते. खालूनही वारा वाहतो.

त्यामुळे तयारीची सुरुवात आतून नव्हे, खालून होते. गाडीचा तळ आणि जमीन यांमधली फट चारही बाजूंनी बंद करायची, याला स्कर्टिंग म्हणतात. कोणी जाड व्हिनाइलचे पडदे लावतो, कोणी कडक फोमचे तक्ते कापून बसवतो. पैसे नसतील तर गवताच्या गासड्या रचतात किंवा बर्फच लोटून ठेवतात. अडकलेल्या हवेला जमिनीची थोडी ऊब मिळते आणि वारा थांबतो. सगळ्या उपायांत कमी खर्चात सर्वाधिक फरक पाडणारा हाच, असे म्हणायला हरकत नाही. गासड्यांत उंदीर होतात आणि ठिणगी पडली तर त्या पेटतात, हा त्यातला तोटा.

विजेचा हीटर लावला की काम झाले?

इथेच नवखे फसतात. आरव्हीतली मुख्य भट्टी, म्हणजे फर्नेस, प्रोपेन गॅसवर चालते. अनेक गाड्यांत तिची गरम हवा फक्त खोलीत जात नाही. तिची एक वाट तळातल्या बंदिस्त पोकळीतही जाते, जिथे पाण्याचे नळ आणि टाक्या असतात. गॅस महाग पडतो म्हणून लोक विजेचा छोटा हीटर लावतात. खोली उबदार होते, थर्मोस्टॅट समाधानी होतो, फर्नेस सुरूच होत नाही. आत माणूस टी-शर्टवर बसलेला असतो आणि त्याच्या पायाखाली नळ गोठत असतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. तडा तेव्हाच जातो, पण कळते बर्फ वितळल्यावर.

म्हणून नळांना तापणारी हीट टेप गुंडाळतात, टाक्यांखाली गरम होणारे पॅड चिकटवतात आणि पाण्यासाठी आतून तापणारा होज वापरतात. सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही, हाही नियम. उघडा ठेवला तर थेंब-थेंब पाणी पाइपात साचून गोठते. टाकी भरू द्यायची आणि एकदम रिकामी करायची.

विजेलाही मर्यादा आहे. आरव्ही पार्कमधली ३० अँपियरची जोडणी १२० व्होल्टवर ३,६०० वॅट देते. १,५०० वॅटचे दोन हीटर लावले, की टेप आणि पॅडसाठी फारसे उरत नाही. त्यात मायक्रोवेव्ह सुरू केला तर ब्रेकर पडलाच म्हणून समजा.

गॅस किती लागतो?

आकडेमोड सोपी आहे. ताशी ३०,००० बीटीयूची फर्नेस अखंड चालली तर सुमारे नऊ किलोचा प्रोपेन सिलिंडर १४ तासांत संपतो. निम्मा वेळ चालली तरी एका दिवसापेक्षा थोडाच जास्त. आपल्या स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर कुटुंबाला महिनाभर पुरतो, हे लक्षात घेतले की फरक कळतो. आपला एलपीजी तिथे चालणारही नाही. त्यात ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप होणे थांबवतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो. पण कडाक्यात त्याचा दाब घटतो आणि अर्ध्या रिकाम्या लहान सिलिंडरमधून फर्नेसला हवा तितका गॅस मिळेनासा होतो. एका जागी हिवाळा काढणारे म्हणून मोठी टाकी भाड्याने घेतात.

शिवाय फर्नेसचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. वीज गेली आणि बॅटरी उतरली, तर टाकीत गॅस भरलेला असूनही भट्टी पेटत नाही. अलीकडे लोकप्रिय झालेल्या लिथियम बॅटऱ्या शून्याखाली चार्ज केल्या तर कायमच्या बिघडतात. त्या गाडीच्या आत, उबेत ठेवाव्या लागतात.

आतल्या ओलाव्याचे काय?

फटी बुजवल्या की नवी अडचण उभी राहते. श्वास, भात, अंघोळ यांची वाफ बाहेर जाईनाशी होते. आत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर नऊ अंशांखालच्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरते. एकेरी काच तर शून्याखाली असते. तिच्यावर आतून बर्फ चढतो. गादीखाली बुरशी येते, लाकडी सांगाडा कुजू लागतो. त्यात धुराडे नसलेला गॅस हीटर आत ठेवला तर आणखी भर पडते, कारण एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. फर्नेस आपला धूर आणि वाफ बाहेर टाकते, हा हीटर सगळे खोलीतच सोडतो. उपाय म्हणजे डीह्युमिडिफायर लावणे आणि, ऐकायला विचित्र वाटेल, पण छताचा झरोका थोडा उघडा ठेवणे. विकत घेतलेली ऊब मुद्दाम बाहेर सोडावी लागते.

हा झरोका जिवासाठीही हवा. बंद जागेत हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेत अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक जण दगावतात, असे तिथल्या रोग नियंत्रण केंद्राची (सीडीसी) आकडेवारी सांगते. हा आकडा केवळ आरव्हींचा नाही. आरव्हीत जागा इतकी लहान, की इशारा मिळायला वेळ कमी. ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवणे, फर्नेसचे बाहेरचे तोंड बर्फाने बुजणे, खिडकीखाली जनरेटर चालवणे ही नेहमीची कारणे. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर झोपण्याच्या जागेजवळ लावायचा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याचा डिटेक्टर जमिनीलगत. दोन्हींना मुदत असते. जुनी गाडी विकत घेणारे ती तारीख क्वचितच पाहतात.

सरकारी मदत मिळते का?

गरीब कुटुंबांची घरे उष्णतारोधक करून देणारी संघराज्य सरकारची वेदरायझेशन योजना १९७६ पासून आहे. मात्र एका जागी न राहणाऱ्या आणि टपाल पत्ता नसलेल्या कॅम्परना ती लागू होत नाही. रस्त्यालगत गाडी लावून राहावे, तर २८ जून २०२४ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास खटल्यात सार्वजनिक जागेवरील मुक्कामाला दंड करण्याची शहरांची मुभा सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केली. ओरेगॉनमधील त्या शहराच्या नियमांत वाहनातला मुक्कामही येत होता.

मग उरतो आरव्ही पार्क. थंड राज्यांतले कित्येक पार्क नळ फुटू नयेत म्हणून ऑक्टोबरमध्येच पाणी बंद करतात. जे वर्षभर सुरू असतात, त्यांतले अनेक दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला जागाच देत नाहीत. हिवाळाभर आरव्हीत राहण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्या गाड्या बहुधा त्याहून जुन्या असतात.