फिल्म यंत्राने वाचली, सही कोणाची?

कृत्रिम बुद्धिमत्ता नोकऱ्या खाणार, ही चर्चा आता चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली आहे. गंमत अशी, की बहुतेकांना ही काळजी दुसऱ्याच्या नोकरीची वाटते. अमेरिकेच्या प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात ६२ टक्के लोक म्हणाले, की येत्या वीस वर्षांत एआयचा नोकरदारांवर मोठा परिणाम होईल. तो स्वतःवर होईल असे मानणारे २८ टक्केच निघाले. मात्र आपल्या डॉक्टरने निदान-उपचारासाठी एआयवर विसंबावे का, असे याच संस्थेने विचारले, तेव्हा ६० टक्के लोकांना ते नकोसे वाटले.

या भीतीची सर्वांत आधी परीक्षा झाली ती रेडिओलॉजीत. एआयचे एक जनक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगून टाकले होते, की रेडिओलॉजिस्ट तयार करणे आता थांबवा. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांना मागे टाकेल. हिंटन यांना २०२४ मध्ये नोबेल मिळाले, रेडिओलॉजिस्टची टंचाई मात्र कायम आहे. आपण सरसकट बोललो, हे त्यांनी पुढे मान्य केले. फिल्म वाचणे हा या कामाचा एक भाग. सोनोग्राफी करणे, सुईने तुकडा काढणे, शस्त्रक्रिया करावी की थांबावे यावर सर्जनशी वाद घालणे, हे उरतेच. शिवाय तपासण्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे.

तरीही भीती अगदीच खुळी नाही. स्वीडनमध्ये ८० हजारांवर महिलांच्या अभ्यासात सुमारे निम्म्या महिलांच्या स्तनतपासणीत एआयची मदत घेतली, तेव्हा डॉक्टरांचे फिल्म वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि कर्करोगाची निदाने कमी झाली नाहीत, उलट थोडी वाढलीच. तिथे नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक फिल्म दोन डॉक्टर वाचतात. आपल्याकडे कित्येक ग्रामीण रुग्णालयांत एकही नसतो.

म्हणून इथे प्रश्न उलटा आहे. क्षयरोगाच्या चाळणीसाठी १५ वर्षांवरील व्यक्तींच्या छातीचा एक्स-रे सॉफ्टवेअरने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रे आणि असे सॉफ्टवेअर वस्त्यांपर्यंत गेले. यंत्र तिथे रिकाम्या खुर्चीत बसले, कोणाला उठवून नव्हे. आणि ते सांगते एवढेच, की ‘संशयित’. पुढे थुंकीची तपासणी करणारा तंत्रज्ञ लागतो, रुग्णाला आणणारी आशाताई लागते, सहा महिने गोळ्या चुकू नयेत म्हणून पाठपुरावा लागतो. संशयित वाढले की ही सगळी कामे वाढतात. त्या माणसांची पदे मात्र यंत्राबरोबर मंजूर होऊन येत नाहीत.

खरा धोका इथेच आहे. ‘सॉफ्टवेअर आहे ना, मग पद कशाला?’ असा शेरा फाइलवर पडला, की रिक्त जागा कायमची बुजते. कोणाची नोकरी गेली असे दिसत नाही, त्यामुळे ओरडही होत नाही. चुकीच्या रिपोर्टची जबाबदारी मात्र शेवटी सही करणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरवर येते.

दुसरा धोका हात विसरण्याचा. पोलंडमधील चार केंद्रांत मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत एआय वापरात आल्यानंतर, त्याच्या मदतीविना केलेल्या तपासण्यांमध्ये गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले. हा एकच अभ्यास आहे आणि घसरणीला इतर कारणेही असू शकतात. पण शिकाऊ डॉक्टर हजारो साध्या फिल्म पाहूनच वेगळी फिल्म ओळखायला शिकतो. त्या साध्या फिल्म यंत्राने आधीच बाजूला काढल्या, तर काही त्याच्यासाठी मुद्दाम राखून ठेवाव्या लागतील, आणि त्या तपासून घ्यायला वरिष्ठाला वेळही द्यावा लागेल.