बंद लाईन मेली असे समजू नका

वाचकहो, वळवाचे वारे सुटले की लाईट जाते, हे काही नवे नाही. मग एखादा धीट गडी काठी घेऊन डीपीकडे निघतो. वायरमनचा पत्ता नाही आणि ऊस वाळतोय; त्याची घाई आम्हांला कळते. पण ही धिटाई आता पूर्वीपेक्षा महाग पडेल, कारण वीज आता एकाच बाजूने येत नाही.

पूर्वी ती उपकेंद्रातून निघे, ११ हजार व्होल्टच्या तारेने डीपीपर्यंत येई आणि तिथून घरोघरी. वर बंद केली की खाली बहुधा सारे थंड. आज कुणाच्या छपरावर सौर पॅनेल, तर कुणाच्या पडवीत जनरेटर. आणि डीपी आहे दुतोंडी! वरून ११ हजार दिले तर खाली ४१५ व्होल्ट मिळतात. खालून वीज ढकलली तर वरच्या तारेत पुन्हा हजारो व्होल्ट उभे राहतात. जनरेटर लावणाऱ्याला त्याची गंधवार्ता नसते, जीव जातो खांबावरल्या वायरमनचा.

लाईनला जोडलेला सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की दोनेक सेकंदांत आपणहून थांबतो. "पॅनेल बसवूनही अंधारच," अशी तक्रार होते ती यामुळेच. तो बिघाड नव्हे, ते त्याचे इमान आहे. त्यात फेरफार सुचवणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून वाटेला लावा.

जनरेटरला ही अक्कल नाही. त्याला चेंजओव्हर स्विचच हवा: एका वेळी एकच बाजू, कंपनीची नाहीतर जनरेटरची. त्याची वायर घरच्या सॉकेटात खुपसू नका. एक फेज गेल्यावर कपॅसिटरवर पंप चालवणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, फिरती मोटर गेलेल्या फेजवर वीज चढवते.

आणि तुटून पडलेली तार? कोरड्या मुरमावर पडली तर जमिनीत इतका थोडा प्रवाह जातो की उपकेंद्रातल्या यंत्राला तो कळतही नाही आणि लाईन चालूच राहते. ठिणगी दिसत नाही म्हणून जवळ जाऊ नका. जवळ असलाच तर ढांग न टाकता, पायाला पाय लावून सरकत लांब व्हा. दोन पायांत अंतर जितके जास्त, तितका झटका मोठा. बैलाच्या पुढल्या-मागल्या पायांत ते जास्त, म्हणून बैल आधी पडतो. पोरे-गुरे आवरा, १९१२ ला फोन करा, आणि वायरमन खांबावर असेतो शेजारच्या जनरेटरवाल्याला बंद ठेवायला सांगून या.