नागपूजकांच्या देशात सर्पदंशाचे बळी

श्रावण शुद्ध पंचमीला वऱ्हाडातील शेतकरी नांगर धरीत नाही, गृहिणी चुलीवर तवा ठेवीत नाही. भूमीच्या उदरातील जीवाला इजा होऊ नये, ही त्यामागील भावना. मात्र त्याच श्रावणात वाशीम जिल्ह्यातील रिसोड, मालेगाव, मानोरा परिसरात सोयाबीनच्या डवरणीला गेलेल्या मजुरासाठी आणि घराच्या जमिनीवर निजलेल्या बालकासाठी सर्पदंश हे नित्याचे भय असते. ज्या समाजाने नागाला देवत्व दिले, त्याच समाजात नागाच्या दंशाने सर्वाधिक माणसे दगावावीत, या विसंगतीचा विचार केव्हा होणार?

2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. मृतांमध्ये मोठा वाटा ग्रामीण भागाचा. महानगरांत असे मृत्यू घडले असते, तर एव्हाना आयोग नेमले गेले असते!

महाराष्ट्रातील चार प्रमुख विषारी सापांपैकी घोणस व फुरसे यांचे विष मुख्यतः रक्तावर आघात करते. नाग आणि मण्यार हे दोघे एका कुळातले. त्यांचे विष मज्जासंस्थेवर जाते. नागविषातील प्रथिने मज्जातंतूंकडून स्नायूंकडे येणारा संदेश स्नायूच्या दाराशीच अडवितात. मण्यारीचे विष त्यापुढे जाऊन मज्जातंतूची टोकेच निकामी करते. त्यामुळे नागदंशात उपयोगी पडणारे निओस्टिग्मिन मण्यारीपुढे बहुधा हतबल ठरते आणि रुग्णाला कित्येक तास, प्रसंगी काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. मण्यार रात्री हिंडते, निद्रिस्ताला चावते. दंश जाणवत नाही, सूज नसते. पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात. घरचे अपचन समजतात आणि मोलाचे तास निघून जातात. महाडसारख्या गावात राहून डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी या दोन सापांच्या दंशांची लक्षणे व उपचार 2004 साली शास्त्रीय नियतकालिकात मांडले. मोठी प्रयोगशाळा नसतानाही ग्रामीण वैद्यक संशोधन करू शकते, याचा हा वस्तुपाठ होय.

भारतीयांना हे निरीक्षण नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली आणि राजिमंत असे वर्ग सांगितले आहेत. फणाधारी ते दर्वीकर, अंगावर मंडले असणारे मंडली, पट्टे असणारे राजिमंत. राजिमंत रात्रीच्या अखेरच्या प्रहरी संचार करतात, हेही तेथे नमूद आहे. मात्र पूर्वजांचा गौरव म्हणजे त्यांच्या प्रत्येक उपायाला चिकटून राहणे नव्हे. दंशाच्या वर घट्ट बांधणे व छेद देणे हे प्राचीन उपचार आज अपायकारक ठरले आहेत. सुश्रुताने पाहिले, तपासले, नोंदविले. त्याचा वारसा मांत्रिकाच्या ओट्यावर नव्हे, प्रयोगशाळेत चालतो.

तो वारसा मुंबईत रुजला. 1899 साली परळला स्थापन झालेल्या प्लेग प्रयोगशाळेची पुढे हाफकिन संस्था झाली आणि प्रतिविषाच्या क्षेत्रात तिने देशात नाव मिळविले. अल्प मात्रेत विष टोचलेल्या घोड्यांच्या रक्तातून सिद्ध होणारे प्रतिविष आजही चार सापांवर एकच दिले जाते. मानकानुसार त्याच्या 1 मिलिलिटरने नागाचे 0.6 आणि मण्यारीचे 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे लागते. यासाठी लागणारे विष मुख्यतः येते ते तामिळनाडूतील इरुला वनवासींच्या 1978 साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून. ज्यांना अडाणी म्हणून हिणविले गेले, त्या वनवासींच्या ज्ञानावर साऱ्या देशाचे प्राण अवलंबून आहेत!

परंतु येथेच खरा प्रश्न उभा राहतो. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. कार्तिक सुनगर व सहकाऱ्यांनी 2019 पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून हे स्पष्ट झाले असून राजस्थानच्या वाळवंटी भागातील नागाच्या विषापुढे प्रचलित प्रतिविष अपुरे पडल्याचे आढळले. मग वऱ्हाडातील काळ्या मातीतल्या नागाची आणि मण्यारीची तपासणी कोणी करावयाची? याच संस्थेच्या सहभागाने 2024 साली नागकुळातील अनेक सापांच्या एका प्रमुख विषगटावर प्रयोगशाळानिर्मित मानवी प्रतिपिंड सिद्ध झाले, ही आशादायक घटना. तथापि ते खेड्यातील रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत वाट पाहणे परवडणारे नाही.

सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने मार्च 2024 मध्ये जाहीर केला. त्याच वर्षी वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. या महाविद्यालयाने जिल्ह्यातील प्रत्येक दंशाची शास्त्रशुद्ध नोंद ठेवावी, राज्याने प्रादेशिक विषसंग्रह उभारावा आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वासाची सोय असावी. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला गोपीनाथ मुंडे योजनेतून 2 लाख रुपये देणे आवश्यकच. पण कर्ता पुरुष वाचविणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे.

समाजानेही आपला वाटा उचलावा. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतील उपाशी नागाला दूध पाजण्याऐवजी गावोगावच्या मंडळांनी खाट, मच्छरदाणी, विजेरी आणि तत्काळ रुग्णालय यांचा प्रसार करावा. जनमेजयाचे सर्पसत्र थांबविणाऱ्या आस्तिकाने नागांचे प्राण वाचविले. आता नाग आणि माणूस दोघांनाही वाचविणारे आस्तिक गावोगावी उभे राहावेत. नागपंचमीची खरी पूजा तीच!