छतातील स्पीकर : आधी वायर, मग खरेदी

आपल्या बारामती-इंदापूर भागात ‘डॉल्बी’ हा शब्द उच्चारला की मिरवणुकीतील ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्याची आठवण होते. ज्या गृहस्थांचे हे आडनाव, त्या रे डॉल्बी यांचे मूळ कार्य मात्र याच्या नेमके उलट होते. हे अमेरिकन अभियंते १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. पुढे १९६५ सालीच त्यांनी लंडनमध्ये स्वतःची प्रयोगशाळा स्थापन केली आणि ध्वनिफितीतून सतत येणारी सरसर कमी करण्याचे तंत्र जगाला दिले. नको असलेला आवाज कमी करून हवा असलेला स्वच्छ ऐकू येणे, हा त्या नावाचा पहिला अर्थ होय. घरातील होम थिएटरचा विचार करताना हाच अर्थ ध्यानात ठेवावा, असे मला वाटते.

हा विषय आज घेण्याचे कारण असे की, बारामतीच्या नव्या वसाहतींत आणि इंदापूर परिसरातही बंगल्यांची बांधकामे वाढली आहेत. हॉलला फॉल्स सीलिंग करायचे हे जवळजवळ गृहीतच असते. मग इलेक्ट्रिशियन विचारतो, ‘छतात स्पीकरसाठी गाळे ठेवायचे का?’ या एका प्रश्नाचे उत्तर बहुधा घाईत दिले जाते आणि ते पुढची पंधरा-वीस वर्षे डोक्यावर राहते.

इंदापुरातील एका परिचित कुटुंबाचे घर सध्या याच टप्प्यावर आहे. स्लॅब पडला आहे, पुढील महिन्यात सीलिंगचा सांगाडा बसेल. हॉल १८ फूट लांब आणि १४ फूट रुंद. त्या घरच्या मुलाने मला विचारले, ‘काका, मागचे-वरचे सगळे स्पीकर छतातच बसवू ना? जमीन मोकळी राहील, आईला झाडलोटीला अडचण नको.’ त्याची आई या कल्पनेवर खूश आहे. आजोबांची तक्रार मात्र निराळी आहे. ते म्हणतात, ‘मला गाणे ऐकू येते, पण बोलणे कळत नाही.’ त्यामुळे अलीकडे ते सर्वांबरोबर चित्रपट पाहायला बसतच नाहीत. आपल्या खोलीत जाऊन पडतात. त्या हॉलमध्ये लाखभर रुपये खर्च होणार असतील आणि तरीही आजोबा खोलीतच राहणार असतील, तर तो खर्च कोणत्या खात्यावर मांडायचा?

प्रथम शब्दांचा उलगडा करू. ‘५.१’ म्हणजे समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर, श्रोत्याच्या दोन बाजूंना दोन सराउंड स्पीकर, आणि ‘.१’ म्हणजे खर्ज आवाजाचा सबवूफर. २०१२ साली चित्रपटगृहांत आलेल्या डॉल्बी ॲटमॉस तंत्राने यात उंचीची भर घातली. पाऊस, विमान, मंदिराची घंटा यांचा आवाज वरून येऊ लागला. म्हणून ‘५.१.२’ मधील शेवटचा २ हा आकडा छतातील दोन स्पीकर दर्शवतो. अशा रचनेसाठी रिसीव्हर, म्हणजे सर्व स्पीकरना आवाज वाटून देणारे यंत्र, किमान सात चॅनेलचे लागते.

येथेच बहुतेकांची गल्लत होते. सराउंड स्पीकर आणि छताचा स्पीकर या दोन भिन्न गोष्टी आहेत. सराउंडची जागा बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर किंवा त्याहून थोडी वर, बाजूला आणि किंचित मागे असते. टीव्हीची दिशा शून्य अंश धरली, तर सुमारे ११० अंशांवर. छताच्या स्पीकरचे काम डोक्यावरचा आवाज देणे. दोन्ही प्रकार छतातच बसवले, तर बाजूचा आवाज आणि वरचा आवाज यांतील भेद कानाला उरत नाही. दारातून आत येणारा माणूसही छतातून उतरल्यासारखा वाटतो. ज्या फरकासाठी पैसे मोजले, तोच फरक नाहीसा होतो.

आता त्या हॉलचे गणित मांडू. टीव्ही १४ फुटी भिंतीवर, सोफा त्यापासून १२ फुटांवर, म्हणजे सोफ्याच्या मागे ६ फूट जागा. फॉल्स सीलिंग झाल्यावर छताची उंची ९ फूट राहील. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतो. म्हणजे कानापासून छत साडेपाच फूट वर. छतात चार स्पीकर बसवायचे तर ते श्रोत्याच्या पुढे आणि मागे सुमारे ४५ अंशांच्या चढावर हवेत, म्हणजेच पुढे साडेपाच फूट आणि मागेही साडेपाच फूट. मागची जोडी भिंतीपासून जेमतेम अर्ध्या फुटावर येते आणि भिंतीवरून परतणारा आवाज तिच्या आवाजात मिसळतो. म्हणून या हॉलला चार नव्हे, दोनच पुरेसे; तेही सोफ्याच्या एक-दोन फूट पुढे, समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या सरळ रेषेत. सराउंडची जोडी बाजूच्या भिंतींवर छोट्या ब्रॅकेटवर बसवावी. जमीन तरीही मोकळीच राहते आणि आईची अडचणही सुटते.

काही हॉलमध्ये एका बाजूला मोठा दरवाजा किंवा जिना असतो व भिंतच मिळत नाही. तेथे सराउंड छतात घेणे भाग पडते. तसे केल्यास वरचे वेगळे स्पीकर घेऊ नयेत, साध्या ५.१ वर समाधान मानावे. स्पीकर मात्र असा निवडावा की त्याचा ट्वीटर, म्हणजे बारीक स्वरांचा छोटा भाग, सोफ्याच्या दिशेने वळवता येईल. सरळ खाली पाहणारा, दुकानात किंवा हॉटेलात पार्श्वसंगीतासाठी लावतात तसा स्पीकर येथे उपयोगाचा नाही.

आता आजोबांकडे वळू. वयाबरोबर प्रथम वरच्या पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘च’ अशा व्यंजनांची ओळख त्याच ध्वनींवर अवलंबून असते. त्यामुळे आवाज पोहोचतो, पण शब्द पोहोचत नाही. चित्रपटातील संवाद प्रामुख्याने मधल्या, सेंटर स्पीकरमधून येतात. म्हणून अंदाजपत्रकात पहिला मान त्याला द्यावा, छताला नव्हे. तो टीव्हीच्या अगदी खाली, कानाकडे तोंड करून ठेवावा. कपाटाच्या बंद कप्प्यात कोंबू नये. रिसीव्हरमध्ये केवळ त्याचा आवाज तीन डेसिबलने वाढवण्याची सोय असते, ती वापरावी. याशिवाय आपल्या घरांतील गुळगुळीत टाइल्स आणि मोठ्या काचा आवाज परतवून शब्द पुसट करतात. जाड पडदे, सोफ्यासमोर सतरंजी आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट, एवढ्यानेही संवादांत जो फरक पडतो, तो महागड्या छताच्या स्पीकरनेही पडत नाही.

छताचा स्पीकर निवडताना पाच गोष्टी पाहाव्यात. एक, छिद्राचा व्यास आणि खोली; सीलिंग व स्लॅब यांमध्ये तेवढी पोकळी आहे ना, हे सांगाडा बसण्यापूर्वी मोजावे. दोन, साडेसहा इंची वूफर मध्यम हॉलला पुरतो. तीन, ओहमचा आकडा रिसीव्हरला चालणारा हवा. चार, संवेदनशीलता, ८७ डेसिबलऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजासाठी निम्मी वीज-शक्ती पुरते. पाच, मागची बंद पेटी. ती नसल्यास आवाज पोकळीत घुमतो आणि वरच्या मजल्यावरील झोपण्याच्या खोलीत जातो. जिप्सम बोर्डाच्या भरवशावर वजन न सोडता प्रत्येक स्पीकरला स्लॅबमधील हुकापर्यंत सुरक्षेची तार बांधून घ्यावी.

आम्ही बँकेत मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग करीत असू. भिंतीवरचा स्पीकर जंगम आहे. पटला नाही तर काढता येतो, दुसऱ्या गावी नेता येतो. छतातील छिद्र स्थावर आहे. ते बुजवले तरी डाग राहतो. यावरून खर्चाचा क्रम ठरतो. वायर स्वस्त आहे, पण सीलिंग झाल्यावर ती घालता येत नाही. स्पीकर महाग आहे, पण तो दोन वर्षांनीही घेता येतो. म्हणून १४ किंवा १६ गेजची शुद्ध तांब्याची वायर आजच सर्व जागांवर टाकावी. ती विजेच्या वायरपासून वेगळ्या पाइपमधून आणि समांतर जात असल्यास किमान फूटभर अंतर ठेवून न्यावी. प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावावी, सीलिंग झाकण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत आणि मोजमापे घराच्या कागदपत्रांत ठेवावीत. छिद्रे पाडण्याची घाई करू नये.

खरेदीसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा बारामतीच्या दुकानात जाल, तेव्हा आजोबांनाही सोबत न्यावे. दुकानदार बहुधा गडगडाटाचे, मारामारीचे दृश्य लावतो. आपण मात्र एखाद्या मराठी चित्रपटातील हळू आवाजातला संवाद लावायला सांगावा आणि शब्द कळले का, हे आजोबांना विचारावे.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्या जागेतील यंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक चढता कामा नये. बहुतेक रिसीव्हरमध्ये रात्रीसाठी वेगळी सोय असते. ती स्फोट दाबते व संवाद उचलते. रात्री ती चालू ठेवावी.

त्या मुलाला मी क्रम लिहून दिला आहे : वायर सातही जागांना, या महिन्यात, सेंटर आणि समोरची जोडी, वास्तुशांतीपूर्वी, बाजूची जोडी आणि सबवूफर, दिवाळीला, छताची जोडी, पुढील वर्षी, तोपर्यंत तिची गरज वाटली तर. ज्यांचे सीलिंग अद्याप व्हायचे आहे, त्या वाचकांनीही हाच क्रम आपल्या हॉलच्या मापांनी तपासून पाहावा.